मेघसेवेची आज्ञासाधने व त्यांची स्थापना



बीदर शहरालगत नौबाद येथे बहामनी राजवटीत, पंधराव्या शतकात, खोदलेला एक भूमिगत जलमार्ग आहे. त्यास कारेज असे म्हणतात. ही विद्या इराणातून आपल्याकडे आली. जेथे जमिनीत पाणी झिरपते तेथून बोगदा खोदून ते उताराने वस्तीकडे आणावयाचे आणि वाटेत ठिकठिकाणी उभ्या विहिरी पाडावयाच्या, अशी तिची रचना असते. विहिरीच्या काठी उभा असलेला मनुष्य पोहरा सोडतो व पाणी वर काढतो. पाण्याचा उगम त्याच्या डोळ्यांपुढे नसतो. तरी त्याची तहान मात्र भागते.

सांप्रत ज्यास ‘क्लाउड’ किंवा मेघसेवा म्हणतात, तिचे तत्त्व याहून फार निराळे नाही. हिशेब करणारी व माहिती साठविणारी मोठमोठी यंत्रे दूरच्या एखाद्या शहरात असतात. आपण आपल्या गावी बसून, तारेच्या किंवा मोबाइलच्या जाळ्यातून, त्यांच्याकडून काम करवून घेतो. आपल्या जिल्ह्यात याचा अनुभव नाही असे घर आता विरळा. पूर्वी शेताची नोंद पटवाऱ्याच्या दप्तरात असे. कर्नाटकात २००० सालाच्या सुमारास ‘भूमी’ योजना आली आणि भालकीचा किंवा आळंदचा शेतकरी आपल्या शेताची पहाणी संगणकावरून छापून घेऊ लागला. २०१५ साली भारत सरकारने सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये आता अनेकांची प्रमाणपत्रे असतात. कागद हाती येतो तो आपल्या गावात. त्यामागची नोंद मात्र दूरच्या यंत्रात असते.

अशी यंत्रे ठेवण्याची केंद्रे आपल्यापासून फार लांब आहेत असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या सप्टेंबरात पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली मेघकेंद्रे उघडली. अॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ च्या जूनमध्ये सुरू झाले आणि गूगलचे २०१७ मध्ये. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात अॅमेझॉनने हैदराबाद येथे दुसरे केंद्र उघडले. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच शहरात हे केंद्र आहे. आपल्या सरकारनेही ‘मेघराज’ या नावाने स्वतःची मेघसेवा उभारली आहे.

या दूरच्या यंत्रांना आज्ञा देण्याची साधने आपल्या संगणकावर कशी स्थापन करावीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय तांत्रिक आहे. तथापि क्रमाने गेल्यास तो अवघड नाही.

आज्ञा लिहूनच का द्यावी?

मेघसेवा चालविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली चित्रांची. ब्राउझरमध्ये कंपनीचे पान उघडावे आणि येथे एक बटण दाबावे, तेथे दुसरे दाबावे. दुसरी पद्धत कमांड लाइनची, म्हणजे आज्ञांच्या ओळीची. काळ्या किंवा पांढऱ्या पडद्यावर एक ओळ लिहावी, एंटर दाबावे आणि यंत्राने उत्तर द्यावे.

प्रथमदर्शनी पहिली पद्धत सोपी वाटते व ती सोपी आहेही. परंतु तिच्यात एक उणीव आहे. बटणे दाबून केलेले काम दुसऱ्यास सांगता येत नाही. ‘वर उजवीकडे एक निळे चौकोन होते, ते दाबले’ असे आपण सांगावे, आणि पुढल्या महिन्यात कंपनीने ते चौकोन डावीकडे नेलेले असावे! लिहिलेल्या आज्ञेचे तसे नाही. ती वहीत उतरून ठेवता येते, मित्रास पाठविता येते, दहा वेळा तशीच देता येते, आणि काही चुकल्यास कोठे चुकले हे त्याच ओळीकडे पाहून शोधता येते. शिवाय आज्ञेची ओळ म्हणजे केवळ काही अक्षरे असल्यामुळे मंद जाळ्यावरूनही ती चटकन पोहोचते. आपल्यासारख्या ग्रामीण भागात या गुणाचे मोल विशेष आहे.

मोठ्या तीन कंपन्यांनी अशी साधने स्वतः तयार करून विनामूल्य ठेवली आहेत. अॅमेझॉनच्या साधनाचे नाव ‘एडब्ल्यूएस’, मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर सेवेचे ‘एझेड’ आणि गूगलचे ‘जीक्लाउड’. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रापुढे त्या रोमन लहान अक्षरांत लिहावयाच्या असतात.

या आज्ञांचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. ‘एझेड ग्रुप लिस्ट’ ही अॅझ्युरची आज्ञा घ्या. प्रथम साधनाचे नाव, मग ‘गट’ हे नाम आणि शेवटी ‘यादी दे’ हे क्रियापद. गूगलची ‘जीक्लाउड कम्प्यूट इन्स्टन्सेस लिस्ट’ ही आज्ञाही क्रियापदानेच संपते. मराठीत, कन्नडमध्ये आणि दख्खनीतही क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. तेव्हा या दोन्ही साधनांची वाक्यरचना आपल्या मुलांना परकी वाटू नये. अॅमेझॉनची आज्ञा मात्र बहुधा ‘डिस्क्राइब-इन्स्टन्सेस’ अशी, म्हणजे इंग्रजीच्या क्रमाने, क्रियापद आधी घेऊन येते. ज्यास हा भेद एकदा उमगला, त्यास शेकडो आज्ञा पाठ करण्याचे कारण उरत नाही.

तीन कार्यप्रणाली, एक काम

संगणक आणि मनुष्य यांच्यामध्ये कारभाऱ्याचे काम करणारी जी व्यवस्था, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. घरगुती व शालेय संगणकांवर आज तीन प्रमुख आहेत : मायक्रोसॉफ्टची विंडोज, अॅपलची मॅक ओएस आणि सर्वांस मुक्त असलेली लिनक्स. लिनक्सचा आरंभ फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली केला. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाचे जे लिनक्स सिद्ध केले, ते याच कुळातील होय.

या तिन्हींत साधन स्थापन करण्याची रीत निराळी आहे. याचे नवल वाटून घेऊ नये. आपल्या बाजारात जो मीठ मागतो, त्याला मिठाचा पुडा मिळतो. जो उप्पु म्हणतो वा नमक म्हणतो, त्यालाही त्याच पोत्यातले मीठ मिळते. तद्वत् विंडोज, मॅक व लिनक्स यांच्या दारातून जाण्याची भाषा वेगवेगळी. एकदा साधन स्थापन झाले की पुढील आज्ञा तिन्हींवर अक्षरशः एकच. विंडोजवर शिकलेला विद्यार्थी उद्या लिनक्सपुढे बसला तरी त्याची विद्या वाया जात नाही.

म्हणून तीन स्वतंत्र कृती घोकण्याऐवजी तीन प्रश्न ध्यानात ठेवावेत. हे साधन आले कोठून? ते माझ्याच यंत्रासाठी आहे काय? आणि ते कोणाच्या अधिकाराने चालणार? यांची उत्तरे ज्यास देता येतात, त्यास आजचे साधन तर स्थापन करता येतेच. परंतु दहा वर्षांनी येणारे, आज ज्याचे नावही कोणास ठाऊक नाही असे साधनही स्थापन करता येईल.

पहिला प्रश्न : कोठून आले?

साधन नेहमी ते बनविणाऱ्या संस्थेच्या मूळ पानावरून, किंवा कार्यप्रणालीच्या विश्वसनीय भांडारातून घ्यावे. अशा भांडारातून वस्तू आणून देणाऱ्या कार्यक्रमास पॅकेज मॅनेजर म्हणतात. तो आपला भांडारपाल. डेबियन कुळातील लिनक्सवर तो ‘ॲप्ट’ या नावाने असतो. मॅकवर २००९ पासून ‘होमब्रू’ हा प्रचारात आहे. आणि विंडोजवर ‘विंगेट’ नावाचा भांडारपाल २०२१ पासून रीतसर मिळतो.

शोधयंत्रात नाव टाकून जे पान सर्वांत वर दिसेल ते उघडणे, ही सवय धोक्याची आहे. २०२५ च्या जानेवारीत होमब्रूच्याच बाबतीत असे घडले. कोणा भामट्यांनी त्या साधनाच्या पानाची हुबेहूब नक्कल केली, नावात एक अक्षर अधिक घातले आणि गूगलवर जाहिरात देऊन ते पान वर आणले. जाहिरातीत खरा पत्ता दिसे. दाबल्यावर मात्र खोट्या पानावर नेले जाई. तेथील ओळ ज्यांनी उतरवून घेतली, त्यांच्या यंत्रात संकेतशब्द चोरणारा कार्यक्रम शिरला. तेव्हा पत्त्याचे प्रत्येक अक्षर वाचावे. आपण बॅंकेच्या चेकवरील अंक जसे वाचतो, तसे.

पान खरे असले तरी वस्तू खरी आहे काय, हेही पाहता येते. प्रत्येक फाइलवरून गणिताने एक ठसा काढतात. ‘शा-२५६’ या रीतीने काढलेला ठसा चौसष्ट अक्षरांचा असतो, आणि फाइलमधील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो संपूर्ण पालटतो. संस्था आपल्या पानावर खरा ठसा छापते. आपण उतरवून घेतलेल्या फाइलचा ठसा काढून दोन्ही ताडून पाहावेत. लिनक्सवर याकरिता ‘शा२५६सम’, मॅकवर ‘शासम’ आणि विंडोजवर ‘सर्टयुटिल’ ही साधने मुळातच असतात. मध्येच वीज गेल्यामुळे फाइल अर्धवट उतरली असली, तरी तेही या ताळ्यात उघडकीस येते.

ही केवळ पुस्तकी दक्षता नव्हे. अमेरिकेतील कोडकव्ह नावाच्या कंपनीचे एक साधन हजारो संस्था वापरीत असत. २०२१ च्या ३१ जानेवारीपासून त्यात चोरट्यांनी गुपचूप फेरफार केला आणि वापरणाऱ्यांच्या यंत्रांतील गुप्त किल्ल्या बाहेर जाऊ लागल्या. दोन महिने ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. अखेर १ एप्रिल रोजी ती उघड झाली, कारण एका ग्राहकाने छापलेला ठसा व प्रत्यक्ष फाइलचा ठसा ताडून पाहिला आणि ते जुळले नाहीत. कंपनीस जे दिसले नव्हते, ते नेमाने ताळा पाहणाऱ्या एका ग्राहकास दिसले!

दुसरा प्रश्न : माझ्याच यंत्रासाठी आहे काय?

बैलगाडीचे चाक टांग्यास बसत नाही. त्याचप्रमाणे एका जातीच्या प्रोसेसरसाठी केलेले साधन दुसऱ्या जातीवर सहसा चालत नाही. बहुतेक घरगुती संगणक इंटेल किंवा एएमडी यांच्या कुळातील असतात. दुसरे कुळ ‘आर्म’चे. अॅपलने २०२० च्या नोव्हेंबरापासून आपल्या मॅकमध्ये स्वतःचे आर्म कुळातील प्रोसेसर घालण्यास आरंभ केला. म्हणून साधन उतरविण्यापूर्वी यंत्राचे कूळ विचारावे. लिनक्स व मॅकवर ‘युनेम -एम’ ही आज्ञा ते सांगते. विंडोजवर सेटिंग्जमधील सिस्टीम या भागात ‘अबाउट’ येथे ते लिहिलेले असते. ३२ बिटांचे यंत्र असल्यास अॅमेझॉनचे आजचे साधन, म्हणजे २०२० मध्ये आलेली दुसरी आवृत्ती, त्यावर बसत नाही.

आता प्रत्यक्ष रीत पाहू.

विंडोजवर अॅमेझॉनचे साधन ‘एमएसआय’ जातीच्या फाइलच्या रूपाने मिळते. ती उघडली म्हणजे परवानगी विचारणारी चौकट येते. तेथे प्रकाशकाचे नाव दिलेले असते. ते न वाचता ‘होय’ म्हणू नये. अॅझ्युरचे साधन ‘विंगेट इन्स्टॉल’ या आज्ञेनेही आणता येते, आणि गूगलचे स्वतंत्र इन्स्टॉलर फाइलने. स्थापना झाल्यावर कमांड प्रॉम्प्टची उघडी खिडकी बंद करून पुन्हा उघडावी. ही गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु नवशिक्यांची निम्मी अडचण हिच्यामुळेच होते. कारण पुढे येईल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुने संगणक असलेल्या शाळांनी ध्यानात घ्यावे.

लिनक्सवर अॅमेझॉनचे साधन झिप फाइलमध्ये येते. ती उतरवावी, ‘अनझिप’ आज्ञेने उलगडावी आणि आतील ‘इन्स्टॉल’ हा कार्यक्रम ‘सुडो’ शब्द पुढे लावून चालवावा. ‘सुडो’ म्हणजे ‘यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने हे कर’. हा शब्द लिहिण्यापूर्वी पुढील ओळ नीट वाचावी. कारण या अधिकाराने दिलेली चुकीची आज्ञाही यंत्र निमूटपणे पाळते. अॅझ्युर व गूगल यांच्यासाठी प्रथम त्या कंपनीचे भांडार व तिच्या सहीची किल्ली ॲप्टच्या यादीत जोडावी, मग ‘ॲप्ट अपडेट’ करून साधन मागवावे. सहीची किल्ली जोडली म्हणजे भांडारपाल आलेला माल आपणहून पारखून घेतो. बॉस लिनक्स डेबियन कुळातील असल्याने त्याचाही भांडारपाल ॲप्टच आहे.

मॅकवर अॅमेझॉनचे साधन ‘पीकेजी’ जातीच्या फाइलने, अॅझ्युरचे ‘ब्रू इन्स्टॉल’ या आज्ञेने आणि गूगलचे संकुचित फाइल उलगडून स्थापन करतात. येथे मात्र यंत्राचे कूळ पाहून योग्य ती फाइल निवडावी.

आणि ज्याच्याजवळ जुने, अपुऱ्या स्मृतीचे यंत्र आहे, किंवा शाळेच्या संगणकावर काही स्थापन करण्याची ज्यास परवानगी नाही, त्याने निराश होऊ नये. तिन्ही कंपन्यांनी ब्राउझरमध्येच उघडणारे टर्मिनल ठेवले आहे. त्यास ‘क्लाउड शेल’ म्हणतात. तेथे साधन आधीच स्थापन केलेले असते आणि आज्ञा याच.

साधन बसले, परंतु सापडत नाही

स्थापनेनंतर पहिली परीक्षा आवृत्ती विचारण्याची. ‘एडब्ल्यूएस --व्हर्जन’, ‘एझेड व्हर्जन’, ‘जीक्लाउड व्हर्जन’ यांपैकी योग्य ती आज्ञा द्यावी. पहिलीत दोन आडव्या रेघा आहेत, हे पाहावे. उत्तरादाखल आवृत्तीचे अंक आले की स्थापना यशस्वी झाली.

पुष्कळदा मात्र यंत्र उत्तर देते की, ‘अशी आज्ञा सापडत नाही’. विद्यार्थी तेव्हा घाबरतो व साधन पुन्हा पुन्हा स्थापन करीत बसतो. वस्तुतः साधन घरातच असते. आज्ञा दिल्यावर यंत्र सगळे घर धुंडाळीत नाही. ज्या कप्प्यांची यादी त्यास दिलेली असते तेवढेच कप्पे ते उघडून पाहते. या यादीस ‘पाथ’ म्हणतात. साधन ज्या कप्प्यात बसले त्याचे नाव या यादीत असले पाहिजे. शिवाय टर्मिनलची खिडकी ही यादी उघडण्याच्या क्षणीच वाचते; नंतर झालेली भर तिला ठाऊक नसते. खिडकी बंद करून पुन्हा उघडावी असे वर सांगितले, त्याचे कारण हेच.

दुसरी एक अडचण जुन्या प्रयोगशाळांत हमखास येते. संगणकाच्या आतील घड्याळास लहान बटणासारखी बॅटरी असते. ती संपली की यंत्र चालू करताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. दूरचा संगणक आज्ञेवरील वेळ पाहतो, आणि ती काही मिनिटांहून अधिक चुकलेली असल्यास आज्ञा नाकारतो. कारण जुनी आज्ञा चोरून कोणी पुन्हा देऊ नये. अशा वेळी किल्ली खोटी आहे असा भास होतो. दोष असतो तो किरकोळ किमतीच्या एका बॅटरीचा. म्हणून प्रथम कोपऱ्यातील तारीख पाहावी.

तिसरा प्रश्न : कोणाच्या अधिकाराने?

आतापर्यंत साधन आपल्या यंत्रावर बसले. परंतु दूरच्या संगणकाने आपली आज्ञा का पाळावी? त्याकरिता आपली ओळख पटवावी लागते. ‘एझेड लॉगिन’ किंवा ‘जीक्लाउड इनिट’ म्हटले की ब्राउझर उघडतो आणि आपण तेथे प्रवेश करतो. अॅमेझॉनच्या साधनात ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर’ ही आज्ञा चार गोष्टी विचारते : किल्लीचा क्रमांक, गुप्त किल्ली, प्रदेश आणि उत्तराचे स्वरूप. प्रदेश म्हणजे आपली आज्ञा कोणत्या शहरातील यंत्रांकडे जावी ते. मुंबईचे सांकेतिक नाव ‘एपी-साउथ-१’ व हैदराबादचे ‘एपी-साउथ-२’. अॅझ्युरमध्ये ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे. गूगलमध्ये ‘एशिया-साउथ१’ म्हणजे मुंबई.

ही गुप्त किल्ली साध्या अक्षरांत आपल्या यंत्रातील एका फाइलमध्ये राहते. तिच्यावर कुलूप नसते. म्हणजे तो संगणक ज्याच्या हाती, किल्लीही त्याच्या हाती. शाळेच्या सामाईक संगणकावर म्हणून कायमची किल्ली कधीही ठेवू नये. ब्राउझरमधून मिळणारी तात्पुरती परवानगी घ्यावी आणि उठताना ‘एझेड लॉगआउट’ किंवा ‘जीक्लाउड ऑथ रिव्होक’ करूनच उठावे. खात्याच्या मूळ मालकाची सर्वाधिकारी किल्ली तर दैनंदिन कामास वापरूच नये; ज्या कामास जेवढा अधिकार लागेल तेवढाच देणारी स्वतंत्र ओळख करून घ्यावी.

उबर या कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या कार्यक्रमाच्या संहितेत अॅमेझॉनची किल्ली लिहून ठेवली होती. ती संहिता खाजगी कोठारात होती. तरी २०१६ साली चोरटे त्या कोठारात शिरले, किल्ली त्यांच्या हाती लागली आणि ५ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने ही गोष्ट जगास सांगितली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. किल्ली संहितेत लिहू नये, व्हॉट्सॲपवर पाठवू नये, पडद्याच्या छायाचित्रात येऊ देऊ नये. एखादी बाहेर गेली असा नुसता संशय जरी आला, तरी ती त्याच क्षणी रद्द करून नवी घ्यावी.

येथे पालकांसही चार शब्द सांगणे उचित होईल. मेघसेवेचे खाते उघडणे म्हणजे पैशांचा करार करणे होय. म्हणून ते वडीलधाऱ्यांनी, अटी वाचून, आपल्या नावे उघडावे. भाड्याने घेतलेले यंत्र चालू राहिले तर ते वापरा अगर न वापरा, भाडे चढतच राहते. पंप चालू ठेवून शेतातून घरी यावे, तसे. खर्चाची मर्यादा ठरवून सूचना मिळण्याची सोय प्रत्येक सेवेत आहे व ती पहिल्याच दिवशी करावी. मात्र ती सोय बहुधा सूचना देते, यंत्र बंद करीत नाही. बंद करण्याचे काम आपले.

पहिली आज्ञा कोणती द्यावी?

साधन बसले, ओळख पटली. आता नवशिक्याने काही नवे निर्माण करण्याची घाई करू नये. आपल्या प्राचीन ग्रंथांत साधकाने प्रथम ‘कोऽहम्’, म्हणजे ‘मी कोण’, असे विचारावे असे सांगितले आहे. येथेही तोच प्रश्न प्रथम विचारावा. अॅमेझॉनमध्ये ‘एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी’, अॅझ्युरमध्ये ‘एझेड अकाउंट शो’ आणि गूगलमध्ये ‘जीक्लाउड ऑथ लिस्ट’ या आज्ञा, आपण या क्षणी कोणाच्या नावाने व कोणत्या खात्यात बोलत आहोत, ते सांगतात. ज्याची दोन खाती आहेत त्याने एका खात्यातील वस्तू समजून दुसऱ्यातील पुसून टाकू नये, याकरिता जाणते लोकही ही आज्ञा वारंवार देतात.

त्यानंतर काही दिवस केवळ पाहण्याच्या आज्ञा द्याव्यात. ज्यांत ‘लिस्ट’, ‘शो’ किंवा ‘डिस्क्राइब’ हे शब्द येतात त्या यादी देतात, काही बदलत नाहीत. ‘क्रिएट’ व ‘डिलीट’ या शब्दांशी ओळख त्यानंतर करून घ्यावी. दिलेली प्रत्येक आज्ञा, तिचा अर्थ आणि यंत्राचे उत्तर वहीत तारीखवार लिहावे. काही महिन्यांत जी वही तयार होईल, तिच्यासारखे क्रमिक पुस्तक कोणत्याही दुकानात मिळणार नाही. आणि पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यास ती देता येईल.

औराद, कमलनगर, बसवकल्याण किंवा आळंद येथील मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलास अनेकदा वाटते की, ही विद्या पुण्या-बंगळुरूच्या मुलांची. आपली भाषा निराळी, आपला संगणक जुना, आपण सीमेवरचे. परंतु दूरचा संगणक आज्ञा देणाऱ्याचे गाव विचारीत नाही. तो पाहतो ते एवढेच की, आज्ञा शुद्ध आहे काय आणि देणाऱ्यास अधिकार आहे काय. शुद्ध लिहिणे आणि अधिकार सांभाळणे, या दोन गोष्टी आपल्या शाळेत पहिल्या इयत्तेपासून शिकवितात. घरी मराठी, वर्गात कन्नड व इंग्रजी आणि बाजारात दख्खनी बोलणाऱ्या मुलास आणखी एका भाषेची भीती का वाटावी?

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेतील किंवा घरातील एका संगणकाची कार्यप्रणाली, तिची आवृत्ती व प्रोसेसरचे कूळ शोधून वहीत लिहा.

२. कोणतीही एक लहान फाइल तयार करून तिचा ‘शा-२५६’ ठसा काढा. त्यातील एक अक्षर बदलून पुन्हा काढा. दोन्ही ठशांतील किती अक्षरे जुळतात ते मोजा.

३. ‘आज्ञा सापडत नाही’ असे उत्तर आल्यास साधन पुन्हा स्थापन करण्यापूर्वी कोणत्या दोन गोष्टी पाहाल?

४. मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत ‘मला यादी दे’ हे वाक्य लिहा. क्रियापदाचे स्थान पाहून, ‘एझेड ग्रुप लिस्ट’ ही आज्ञा कोणत्या भाषांच्या जवळची आहे ते सांगा.

५. कोडकव्हच्या प्रकरणात चोरी कोणत्या सवयीमुळे उघडकीस आली? ती सवय तुम्हास संगणकाबाहेर कोठे उपयोगी पडेल, याची दोन उदाहरणे द्या.